पाऊण मिलचा पाढा

लाँग रेंज रायफल शूटिंगचा विषय निघाला की लोक बहुतेक वेळा रायफलबद्दल विचारतात, कुठल्या कंपनीची, स्कोप कुठला, केवढ्याला पडला, आणि मला मात्र बोलायचं असतं ते गणिताबद्दल. या खेळात मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ट्रिगरला बोट लागायच्या आधीचे ते काही सेकंद, स्पॉटरने (शेजारी दुर्बिणीतून बघणाऱ्या जोडीदाराने) अंतर सांगितलेलं असतं, समोर स्टीलची प्लेट डोळ्यांना जेमतेम दिसत असते आणि डोक्यात आकडे फिरायला लागतात, की इतक्या लांब जाईपर्यंत गोळी किती खाली येईल आणि स्कोपच्या टरेटवर (नेम वर-खाली करायच्या गोल चकतीवर) किती क्लिक चढवायचे. हल्ली यासाठी ॲप आहेत, वारा-तापमान मोजणारी हातात मावणारी यंत्रं आहेत, लेझर रेंजफाइंडरच्या आतच बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर येतो. मीही ते सगळं वापरतो आणि मला ते मनापासून आवडतं. पण आकडा स्क्रीनवर दिसणं वेगळं आणि तो आकडा तेवढाच का आला हे कळणं वेगळं, आणि दुसरी गोष्ट फक्त तोंडी हिशोब करूनच येते असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात अगदी मुळापासून करतो, कारण गोंधळ तिथेच होतो. बऱ्याच जणांना वाटतं की गोळी आधी बराच वेळ सरळ जाते आणि मग दम संपला की वाकायला लागते. तसं काही नसतं. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून गोळी पडतच असते, आणि नळीच्या तोंडापाशी हातातून सोडलेली गोळी ज्या हिशोबाने खाली येईल साधारण त्याच हिशोबाने ती पडते. म्हणजे किती पडली हे किती लांब गेली यावर नाही तर किती वेळ हवेत होती यावर ठरतं. अर्ध्या सेकंदात सव्वा मीटरला थोडं कमी, एका सेकंदात ४.९ मीटर, दीड सेकंदात ११ मीटर. शाळेतलं तेच सूत्र, ४.९ गुणिले वेळेचा वर्ग. (हवा खाली पडण्यालाही थोडा अडथळा करते त्यामुळे खरा आकडा लांब पल्ल्यावर यापेक्षा कमी भरतो, पण पाया हाच.) वेगवान गोळी सपाट जाते असं आपण म्हणतो त्याचा अर्थ इतकाच की ती लवकर पोचते त्यामुळे तिला पडायला वेळ कमी मिळतो, गुरुत्वाकर्षण तिला काही सूट देत नाही.

आता मिल. मिल म्हणजे मिलिरेडियन, कोनाचं माप, आणि तोंडी हिशोबासाठी याच्याइतकं सोयीचं माप मला दुसरं माहीत नाही. १००० मीटरवर १ मिल म्हणजे १ मीटर, १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ६०० वर ६० सेंटिमीटर, संपलं. स्कोपचा एक क्लिक बहुतेक ०.१ मिलचा असतो म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर. दुसरं माप एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग, ते १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर भरतं आणि १०० यार्डांवर १ इंचाच्या किंचित वर, त्यामुळे यार्ड-इंचात वाढलेल्या लोकांना ते सोपं जातं. १ मिल म्हणजे ३.४४ एमओए. मी मीटर आणि मिलमध्येच विचार करतो आणि इथेही तेच वापरणार आहे. दोन्ही पद्धती येत असल्या तरी एका वेळी एकच धरावी आणि शेजारचा काय वापरतोय ते आधी विचारून घ्यावं.

इथून पुढे जे सांगतोय तो या सगळ्या लेखाचा गाभा आहे. क्षणभर समजा की हवाच नाही. गोळी ८०० मीटर प्रति सेकंद वेगाने निघाली, .३०८ विंचेस्टर या काडतुसाची १७५ ग्रेन वजनाची मॅच (स्पर्धेसाठीची) गोळी साधारण याच वेगाने निघते. १०० मीटर जायला तिला सेकंदाचा आठवा भाग लागला. आठचा वर्ग चौसष्ट, ४.९ मीटर भागिले ६४ म्हणजे ७.७ सेंटिमीटर, आणि १०० मीटरवर ७.७ सेंटिमीटर म्हणजे ०.७७ मिल. आता २०० मीटर. वेळ पाव सेकंद, ४.९ भागिले १६ म्हणजे ३०.६ सेंटिमीटर, पण २०० मीटरवर १ मिल २० सेंटिमीटरचा होतो म्हणून उत्तर १.५३ मिल. नीट बघा काय झालं ते. सेंटिमीटरमध्ये चौपट झालं पण मिलमध्ये फक्त दुप्पट. अंतर तिप्पट केलं तर सेंटिमीटर नऊपट आणि मिल तिप्पट. म्हणजे हवा नसती तर ड्रॉपचा, म्हणजे गोळी खाली पडण्याचा, कोन अंतराबरोबर अगदी सरळ रेषेत वाढला असता, दर १०० मीटरला पाऊण मिल. ३०० ला सव्वादोन, ४०० ला तीन, ६०० ला साडेचार, ८०० ला सहा, १००० ला साडेसात. पाऊणकीचा पाढा. ज्याला हा पाढा येतो त्याला गुरुत्वाकर्षणाचा सगळा हिस्सा पाठ आहे असं समजा. (वेग वेगळा असेल तर पाढा बदलतो, ८५० ला दर शंभराला ०.६८, ९०० ला ०.६, ७५० ला ०.८७. आपल्या रायफलचा वेग क्रोनोग्राफवर मोजून घेतला की एकदाच काढायचा आकडा आहे हा.)

मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा जो आनंद झाला तो अजून कमी झालेला नाही. कारण तोवर ड्रॉपचं टेबल म्हणजे नुसती आकड्यांची रांग होती, आणि आता त्या प्रत्येक आकड्याचे दोन वाटे दिसायला लागले, एक गुरुत्वाकर्षणाचा आणि दुसरा हवेचा. पहिला साधा सरळ, कुठेही गेलं तरी तोच. दुसरा खोडकर, सुरुवातीला दिसतसुद्धा नाही आणि मग लांब गेल्यावर वाढतच सुटतो.

गंमत म्हणजे माणसाला हे दोन वाटे कळले तेही याच क्रमाने, आणि मधे शंभर वर्षांचं अंतर आहे. गॅलिलिओने १६३८ साली फेकलेल्या वस्तूचा मार्ग पॅराबोलाचा असतो हे मांडलं, म्हणजे आपला पाऊणकीचा पाढाच. हवेचा अडथळा असतो हे त्यालाही माहीत होतं, पण तो प्रत्यक्षात केवढा मोठा असतो हे १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने मोजून दाखवलं. त्याने लाकडाचा जड ठोकळा लोलकासारखा टांगला, त्यात बंदुकीची गोळी मारली आणि ठोकळा किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला, मग तेच वेगवेगळ्या अंतरांवरून करून वाटेत वेग किती कमी होतो ते बघितलं. लोक समजत होते त्याच्या कितीतरी पट जास्त वेग हवा खात होती. ऑयलरसारख्या माणसाने त्याचं काम जर्मनमध्ये आणून त्यावर स्वतःच्या टिपा जोडल्या यावरून त्याचं वजन कळतं. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तटबंदीच्या कामासाठी मद्रासच्या किनाऱ्यावर आला आणि १७५१ मध्ये तिथेच, फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. आज ॲपमध्ये आपण बॅलिस्टिक कोएफिशियंट नावाचा, गोळी हवेत वेग किती टिकवते ते सांगणारा, जो आकडा भरतो त्याचा उगम त्या टांगलेल्या ठोकळ्यात आहे हे मला फार मोठं वाटतं.

तर हवेचा वाटा. त्याच .३०८ साठी, समुद्रसपाटीच्या आसपासच्या साध्या हवेत, तो अंदाजे असा आहे: ३०० मीटरला पाव मिल, ४०० ला अर्धा, ५०० ला एक, ६०० ला दीड, ७०० ला सव्वादोन, ८०० ला सव्वातीनच्या आत, ९०० ला साडेचार आणि १००० ला सहाच्या जवळपास. पहिल्या पाचशे मीटरमध्ये एक मिल आणि पुढच्या पाचशेत पाच. गोळी जसजशी हळू होते तसतसा तिला पुढच्या प्रत्येक शंभर मीटरला जास्त वेळ लागतो आणि तेवढाच वेळ ती जास्त पडते, वेग गेल्याची किंमत अशी साठत साठत शेवटी एकदम दिसते.

आणखी एक छोटी गोष्ट हिशोबात धरायची राहिली. रायफल १०० मीटरवर झिरो केलेली असते म्हणजे तिथे स्कोपचा क्रॉसहेअर आणि गोळी एका जागी येतात. त्यासाठी नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते, कारण शंभर मीटरचा पाऊण मिल भरून काढायचा असतो आणि शिवाय स्कोप नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेला असतो तेही भरून काढायचं असतं. सगळं धरून हे साधारण १.१ मिल होतं, आणि ते आधीच दिलेलं असल्यामुळे उत्तरातून वजा करायचं. झालं सूत्र तयार. पाऊणकी अधिक हवेचा वाटा वजा १.१.

करून बघू. ६०० मीटर: साडेचार अधिक दीड म्हणजे सहा, वजा १.१, उत्तर ४.९. अशा रायफलचं टेबल सांगेल ५.०. ८०० मीटर: सहा अधिक ३.२ म्हणजे ९.२, वजा १.१, उत्तर ८.१, टेबल सांगेल ८.२. १००० मीटर: साडेसात अधिक ५.९, वजा १.१, म्हणजे १२.३, आणि टेबलही तिथेच. एका क्लिकचा फरक. झिरो नीट असेल आणि हवा बरी असेल तर त्या एका क्लिकपेक्षा आपला श्वास जास्त इकडेतिकडे करतो.

आता कोणी म्हणेल की एवढं करण्यापेक्षा टेबलच पाठ करावं ना. करावंच. ०, ०.६, १.५, २.५, ३.७, ५.०, ६.५, ८.२, १०.१, १२.३, शंभर मीटरपासून हजारापर्यंत दहाच आकडे आहेत. पण मी ते आकडे पाठ करण्याआधी त्यांच्यामधल्या पायऱ्या पाठ करा असं सांगीन. ०.६, ०.९, १.०, १.२, १.३, १.५, १.७, १.९, २.२. हळूहळू उंच होत जाणाऱ्या पायऱ्या. टार्गेट कधी नेमकं ७०० किंवा ८०० वर नसतंच, ते असतं ७४० वर. मग ७०० चे ६.५ घ्यायचे, ७०० ते ८०० ची पायरी १.७ ची, तिचे चार दशांश म्हणजे ०.७, उत्तर ७.२. हे करायला दोन सेकंद लागतात आणि थोड्या सरावाने तेवढेही लागत नाहीत.

पायरीचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. अंतरात १० मीटरची चूक झाली तर काय होईल हे पायरीच सांगते, तिचा दहावा भाग घ्यायचा. ३०० मीटरला पायरी १.० च्या आसपास, म्हणजे १० मीटरच्या चुकीला ०.१ मिल, आणि ३०० वर ०.१ मिल म्हणजे ३ सेंटिमीटर, कोणाला कळणारही नाही. ६०० ला ०.१४ मिल, म्हणजे ८ सेंटिमीटर. १००० ला ०.२३ मिल, म्हणजे २३ सेंटिमीटर, आणि प्लेट जर ४० सेंटिमीटरची असेल तर मध्यापासून काठापर्यंत फक्त २० आहेत, म्हणजे ट्रिगर कितीही सुरेख दाबला तरी गोळी प्लेटखालच्या मातीत. तीच दहा मीटरची चूक, फक्त जागा बदलली. आधी ज्याला ही जाणीव असते तो हजार मीटरवर अंतर दोनदा मोजतो आणि तीनशेवर वेळ घालवत नाही.

रेंजफाइंडर नसेल तेव्हा तर हे अजूनच महत्त्वाचं. रेटिकलवरून, म्हणजे स्कोपच्या आतल्या मिलच्या खुणांवरून, अंतर काढायची रीत जुनी आहे आणि सुंदर आहे, टार्गेटची उंची मीटरमध्ये घ्यायची, हजाराने गुणायचं, ते किती मिल दिसतंय त्याने भागायचं. १ मीटर उंचीचा बोर्ड १.६ मिल दिसला तर १००० भागिले १.६, म्हणजे ६२५ मीटर. पण तोच जर तुम्ही १.५ वाचला तर ६६७ मीटर येतात. वाचण्यात फक्त ०.१ मिलचा फरक आणि अंतरात ४० मीटरच्या वर, ड्रॉपमध्ये ०.६ मिल, म्हणजे जवळपास ४० सेंटिमीटर. म्हणून रेटिकलने मोजताना रायफल पूर्ण स्थिर टेकवून, दशांशाच्याही अर्ध्यापर्यंत वाचायचा प्रयत्न करावा लागतो, आणि तरीही लेझर रेंजफाइंडर हे या खेळातलं सगळ्यात उपयोगी यंत्र आहे असं मी म्हणतो. गणित कितीही चोख केलं तरी ज्या आकड्यापासून सुरुवात केली त्याच्यापेक्षा उत्तर चोख येत नाही.

शॉर्टकट भरपूर फिरत असतात. एक फार प्रसिद्ध आहे: ६.५ क्रीडमोर या काडतुसाची १४० ग्रेनची गोळी, साधारण २७०० फूट प्रति सेकंद वेग, आणि अंतर यार्डात असेल तर त्यात शंभर जितक्या वेळा येतात त्यातून दोन वजा करा, उत्तर थेट मिलमध्ये, ४०० ला २, ५०० ला ३, ६०० ला ४, ७०० ला ५. आणि खरंच जमतं. आपल्या .३०८ ला मीटरमध्ये दीड वजा केला तर ३०० आणि ४०० ला तंतोतंत येतं, ५०० ला दोन क्लिक कमी पडतात. पण ही युक्ती का चालते ते वरच्या पायऱ्यांवरून दिसतं. ज्या पट्ट्यात पायरी बरोबर १.० च्या जवळ असते तिथेच ती चालते, त्या आधी पायरी लहान असते आणि नंतर मोठी होते. आपल्या पायऱ्या बघितल्या की युक्तीची हद्द कुठे संपते ते आपोआप कळतं. मी शॉर्टकटच्या विरोधात मुळीच नाही, घाईच्या स्पर्धेत टरेट न फिरवता रेटिकलच्या खुणांवरच नेम वर धरायचा (होल्ड करायचा) असतो तेव्हा याच्यासारखं दुसरं काही नाही, पण ७०० च्या पुढे तो वापरणाऱ्याला मी थांबवीन.

क्रीडमोर हे नाव आलंच आहे तर सांगतो, ते न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १८७३ मध्ये सुरू झालेल्या रेंजचं नाव. तिथे १८७४ साली आयर्लंडचा संघ तोंडाने भरायच्या रायफली घेऊन आला आणि अमेरिकेचा संघ मागून भरायच्या ब्रीचलोडर घेऊन उभा राहिला, ८००, ९०० आणि १००० यार्ड, स्कोप नाही, फक्त व्हर्नियर (बारीक मापाच्या) पट्टीचे पीप साइट, म्हणजे भोकातून नेम धरायची सोय. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ ने जिंकली, आणि त्यात एका आयरिश नेमबाजाची मधोमध बसलेली गोळी शेजारच्या टार्गेटवर गेली म्हणून शून्य धरली गेली होती. तेव्हाच्या काळ्या दारूच्या जड गोळ्या आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पडायच्या, तरीही व्हर्नियरवर प्रत्येक अंतराचा आकडा ठरलेला आणि वहीत लिहिलेला असायचा. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता दोन वाटे वेगळे ठेवल्याचा खरा फायदा कुठे होतो ते सांगतो, कारण पाठ केलेलं टेबल जिथे अडतं तिथेच हे कामाला येतं. समजा तुम्ही उंचावर गेलात आणि हवा १० टक्के पातळ झाली, साधारण हजारेक मीटर चढलं की तेवढी होते. टेबल तर सपाटीचं आहे. मग काय करायचं? गुरुत्वाकर्षणाचा वाटा तोच राहतो, फक्त हवेच्या वाट्याचा दहावा भाग काढून टाकायचा. ४०० मीटरला तो वाटाच अर्धा मिल, त्याचा दहावा भाग म्हणजे अर्धा क्लिक, विसरून जा. ६०० ला दीड क्लिक. १००० ला सहा मिलचा दहावा भाग ०.६, म्हणजे सहा क्लिक, ६० सेंटिमीटर, आणि ते विसरलं तर गोळी प्लेटच्या वरून जाणार. थंडी-उन्हाचंही तसंच, गरम हवा पातळ, थंड हवा दाट. (दारूचा वेगही तापमानाने बदलतो ते वेगळं. वेग एक टक्का कमी झाला की १००० ला पाव मिल जास्त चढवावा लागतो.)

तसंच चढ-उताराचं. डोंगराच्या खाली किंवा वर मारायचं असेल तर गोळी कमी पडते हे सगळ्यांना माहीत असतं पण किती कमी यावर वाद होतात. ३० अंशांच्या उतारावर ६०० मीटर घ्या. ३० अंशांची कोसाइन ०.८७. जुना नियम सांगतो की अंतरालाच ०.८७ ने गुणा, ५२० मीटर धरा, टेबलात ४.० येतात. दुसरा नियम सांगतो की टरेटच्या आकड्यालाच गुणा, ५.० चे ४.३५ होतात. आपल्या पद्धतीने: पाऊणकी आणि हवा मिळून सहा, ते नळीच्या रेषेपासूनचं खरं पडणं, त्याला ०.८७ ने गुणलं की ५.२, आणि मग झिरोचे १.१ वजा, कारण झिरो तर सपाट जमिनीवर केलाय, त्याला उताराशी काही देणंघेणं नाही. ४.१. दोन नियमांच्या मधे, आणि बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरही याच्याच आसपास येतो. काहीच दुरुस्ती केली नाही तर गोळी अर्ध्या मीटरने वर जाते. ४५ अंशांना ०.७ आणि ६० ला अर्धं, एवढे तीन कोन लक्षात ठेवले की पुरतात.

स्पिन ड्रिफ्ट (गोळी स्वतःभोवती फिरते त्यामुळे होणारं सरकणं) आणि कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम) यावर तासभर बोलणारे लोक भेटतात. हजार मीटरच्या आत ड्रॉपच्या तोंडी हिशोबात मी ते धरत नाही. हजाराच्या पुढे मात्र या .३०८ साठी मी ही सगळी पद्धतच बाजूला ठेवतो, कारण तिथे गोळी ध्वनीच्या वेगाजवळ येते, हवेचा वाटा कसा वाढेल त्याचा भरवसा राहत नाही, आणि तिथे मोजलेला डेटा किंवा चांगला सॉल्व्हर (गोळीचा मार्ग काढणारा प्रोग्राम), दोनच गोष्टींवर विसंबावं. जगातल्या पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरपैकी एक, एनिॲक, अमेरिकन सैन्याने बनवून घेतला तो मुळात तोफांची असली टेबलं काढण्यासाठीच, कारण हाताने एकेक मार्ग काढायला माणसांना तासन्‌तास लागायचे. हवेचा वाटा नेमका काढणं एवढं कठीण आहे.

ॲपशी माझं भांडण नाही हे पुन्हा सांगतो, उलट डोक्यात आकडा असला की ॲप जास्त चांगलं वापरता येतं. ८०० मीटरला डोकं ८.१ सांगतंय आणि स्क्रीन ७.० दाखवतेय, तर मी टरेटला हात लावायच्या आधी बघतो की ॲपमध्ये कोणी यार्ड तर ठेवले नाहीत, कारण ८०० यार्ड म्हणजे ७३१ मीटर आणि तिथलं उत्तर बरोबर ७.० येतं. टेबलातल्या ८.२ पासूनचा तो १.२ मिलचा फरक ८०० मीटरवर जवळपास एक मीटर भरतो. ज्याच्याकडे स्वतःचा अंदाज नाही त्याला ७.० आणि ८.२ दोन्ही सारखेच खरे वाटतात. नव्या शूटरला शिकवताना म्हणूनच मी आधी तोंडी उत्तर मागतो आणि मगच फोन उघडू देतो. सुरुवातीला अर्धा-पाऊण मिल चुकतं, हरकत नाही, चूक कुठल्या वाट्यात झाली ते विचारायचं, पाढ्यात की हवेत. दर वेळी उत्तर हवेत असतं.

आणि हवेचा हा वाटा नीट समजला की वाऱ्याचं गणितही त्याच्याच पोटात सापडतं. गोळी वाऱ्याने किती सरकते हे ती हवेत किती वेळ आहे यावर नाही, तर हवा नसती तर लागला असता त्यापेक्षा किती जास्त वेळ लागला यावर ठरतं. ६०० मीटर हवेशिवाय पाऊण सेकंदात झाले असते, प्रत्यक्षात ०.९५ च्या आसपास लागतात, उशीर ०.२ सेकंद. आडवा वारा ४ मीटर प्रति सेकंद असेल तर ४ गुणिले ०.२, म्हणजे ८० सेंटिमीटर, ६०० वर १.३ मिल. १००० मीटरला हाच उशीर ०.७ सेकंद होतो, म्हणजे २.८ मीटर, थेट २.८ मिल. वारा तिरका, गोळीच्या रेषेशी ३० अंशांनी येत असेल तर त्याच्या निम्मं. ०.२ आणि ०.७ हे दोन आकडे मी पाढ्याच्या शेजारीच पाठ ठेवलेत. पण वारा ४ आहे की ५ हे कुठल्याही पाढ्यात बसत नाही, त्यासाठी गवताकडे, धुळीकडे आणि स्कोपमधल्या मिराजकडे (तापलेल्या हवेच्या लाटांकडे) बघत बसावं लागतं, आणि त्या एका आकड्याच्या फरकाने हजार मीटरवर ७० सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात, म्हणून ड्रॉपचं उत्तर दोन सेकंदात उरकून उरलेला सगळा वेळ मी वाऱ्याला देतो.